‘वय झालंय त्याचं’ म्हणण्याआधी : भूभू-माऊंचे हार्मोनचे आजार

शेपूटवाली (धागाकर्ती) :

भूभूंच्या आहाराच्या धाग्यावर लठ्ठपणाचा विषय निघाला आणि बघता बघता निम्मे प्रतिसाद थायरॉइडवर गेले. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय. थायरॉइड, कुशिंग (कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन जास्त होणं), अ‍ॅडिसन (तेच कमी पडणं), मधुमेह यांपैकी काहीही झालेलं भूभू किंवा माऊ घरात असेल तर अनुभव लिहा. नुसती शंका असेल तरी लिहा.

सुरुवात आमच्या बंड्यापासून. गोल्डन रिट्रीव्हर. सात सरून आठवं लागलं तसा तो मंदावला. चेंडू टाकला की आधी चेंडूकडे बघायचा, मग आमच्याकडे, आणि पुन्हा मान टेकवायचा. खाणं तेवढंच, किंबहुना कमीच, पण वजन चढतच चाललेलं. शेपटीचा झुपका जाऊन नुसती काळपट दांडी उरली. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले, आणि खाज अजिबात नाही! केस गळतात म्हटलं की आपल्या डोक्यात गोचीड, बुरशी, अ‍ॅलर्जी हेच येतं, पण त्यात बहुतेकदा कुत्रं खाजवून खाजवून जीव नकोसा करतं. शिवाय मे महिन्यात इतर भूभू गार फरशीवर पोट टेकून पडतात, तर हा गॅलरीत उन्हाचा पट्टा शोधून झोपायचा. चेहराही सुतकी दिसायला लागला. पापण्या जड, गाल ओघळलेले.

सोसायटीत सगळ्यांचं एकच, "वय झालं हो त्याचं." आमच्या डॉक्टरांनी मात्र रक्त काढलं. कोलेस्टेरॉल चांगलंच वर, हिमोग्लोबिन थोडं कमी, टी-४ (थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) तळाला, टीएसएच (त्या ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) वाढलेलं. हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड कमी पडणं. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा ग्रंथीच हळूहळू नष्ट झालेली असते, त्यामुळे गोळी जन्मभर.

औषध माणसांचंच, लिव्होथायरॉक्सिन. पण डोस बघून केमिस्टने चिठ्ठीच परत दिली. त्याला वाटलं डॉक्टरांच्या हातून एक शून्य जास्त पडलंय. माणसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं, दिवसातून एकदा. कुत्र्याला सुरुवातीलाच किलोमागे २० मायक्रोग्रॅमच्या आसपास, तेही बहुधा दोन वेळा. कुत्र्याच्या आतड्यात हे औषध कमी शोषलं जातं आणि रक्तातूनही झपाट्याने निघून जातं. केमिस्टने डॉक्टरांना फोन करून खात्री करून घेतली, बरंच केलं. पण "एवढी कशी द्यायची" म्हणून कुणी आपल्या मनाने निम्मी करू नका.

उत्साह दोनेक आठवड्यांत परतला. केसांना मात्र महिने लागले, आणि मधे एकदा जुने केस भराभर गळून तो आणखीच भकास दिसायला लागला होता. जुने केस पडून नवे यायची ती वेळ असते, त्या टप्प्यावर घाबरून औषध थांबवू नका.

म्हातारपणाने कुत्रं हळू चालेल. म्हातारपणाने दोन्ही कुशींवर सारखंच टक्कल पडत नाही आणि पाण्याचं भांडं दुप्पट रिकामं होत नाही. दोन वर्षांपूर्वीचा फोटो काढून शेजारी धरून बघा, रोज बघणाऱ्याला जे दिसत नाही ते तिथे दिसतं.


नळस्टॉपकर :

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. आमच्या बीगलचं रक्त घराजवळच्या लॅबमध्ये दिलं होतं, माणसांच्याच. टी-४ आलं २.१ आणि समोर ठळक अक्षरात ‘कमी’. टीएसएच जवळजवळ शून्य. लॅबवाला म्हणाला थायरॉइड आहे. कुत्रं तर घरभर धुमाकूळ घालतंय!


गोठ्यातला डॉक्टर :

नळस्टॉपकर, तुमच्या बीगलला बहुधा काहीही झालेलं नाही.

मी पशुवैद्य आहे. इथे बसून इलाज करणार नाही, पण हा घोळ इतक्यांदा बघितलाय की लिहितोच. टी-४ हा रेणू सगळ्या सस्तन प्राण्यांत एकच, त्यामुळे माणसांच्या लॅबलाही तो मोजता येतो. पण निरोगी कुत्र्याची पातळीच मुळात कमी असते, ढोबळमानाने १ ते ४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. माणसाची साधारण ५ ते १२. लॅबचा संगणक माणसाचा तक्ता लावतो आणि ठणठणीत कुत्र्यापुढेही ‘कमी’ छापतो. टीएसएचचं तर त्याहून वाईट. ते प्रत्येक प्राण्याचं वेगळं असतं, माणसांच्या किटला कुत्र्याचं टीएसएच ओळखताच येत नाही. म्हणून शून्य. कुत्र्याचं टीएसएच तपासणाऱ्या लॅबलाच नमुना पाठवायचा.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. टी-४ कमी म्हणजे थायरॉइडचा आजार असं नाही. कुत्रं दुसऱ्या कशानेही आजारी असेल तरी टी-४ खाली जातं. आपल्याकडे गोचीडताप किती आहे बघा. तो असला, त्वचेचा मोठा संसर्ग असला, मूत्रपिंडं बिघडलेली असली, तरी आकडा पडतो. स्टिरॉइड, फिटसाठीचं फिनोबार्बिटोन, सल्फाची औषधं यांनीही पडतो. ग्रेहाउंडसारख्या शिकारी, सडसडीत जातींत तो जन्मतःच कमी असतो. उलट खरोखर आजारी असलेल्या बऱ्याच कुत्र्यांत टीएसएच वाढलेलं सापडतच नाही. म्हणून लक्षणं आधी, आकडा नंतर. लक्षणं नसताना ‘पॅकेजमध्ये होतं म्हणून’ केलेली थायरॉइडची तपासणी डोक्याला ताप देते.

गोळी सुरू केल्यावर चार ते आठ आठवड्यांनी टी-४ पुन्हा बघायचं, आणि रक्त गोळीनंतर चार ते सहा तासांनी काढायचं. सकाळची गोळी किती वाजता दिली ते लिहून न्या. गोळी उपाशीपोटी की जेवणासोबत हे एकदा ठरवा आणि तसंच रोज चालू ठेवा. कॅल्शियम किंवा लोहाचं टॉनिक त्याच वेळी नको.


दादरची चाळ :

आमच्या डॅक्सहुंडचं, लाडूचं, कुशिंग लिहिते.

लाडू आधीपासूनच खादाड, त्यामुळे भूक वाढली हे कुणाच्या लक्षात येणार! लक्षात आलं ते पाणी. रात्री दोनदा उठून पाणी पिणार आणि सकाळी पॅसेजमध्ये तळं. सासूबाई म्हणाल्या, बिघडलाय, लाडावलाय. बंद खोलीत पंख्याखाली बसूनही धाप. पोट सुटून जमिनीला टेकायला आलं, आणि पाय मात्र काटकुळे. पोटाची कातडी इतकी पातळ झाली की आतल्या निळ्या शिरा दिसायच्या. येणारे-जाणारे म्हणायचे, "खातोय-पितोय, गुटगुटीत आहे की!"

रक्तात एएलपी नावाचं एक यकृताचं एन्झाइम खूप वाढलेलं होतं. त्यावरून डॉक्टरांना शंका आली. मग डेक्सामिथासोनची चाचणी. सकाळी रक्त काढतात, अगदी कमी डोसचं इंजेक्शन देतात, मग चार तासांनी आणि आठ तासांनी पुन्हा रक्त. निरोगी कुत्र्याचं कॉर्टिसॉल दबतं, कुशिंगमध्ये दबत नाही. पूर्ण दिवस जातो. ताणानेही कॉर्टिसॉल वाढतं, म्हणून शक्य असेल तर कुत्र्याला दिवसभर पिंजऱ्यात भुंकणाऱ्यांच्या शेजारी बसवू नका. आम्ही गाडीत घेऊन बसलो होतो.

आता ट्रायलोस्टेन (कॉर्टिसॉल कमी करणारं औषध) चालू आहे, जेवणाबरोबर. महागडं प्रकरण आहे हे आधीच सांगते. आणि एक गोष्ट आमच्या फ्रिजवर चिकटवलेली आहे: लाडूने जेवण सोडलं, उलटी केली किंवा मलूल झाला तर पुढची कॅप्सूल द्यायची नाही, आधी डॉक्टरांना फोन. औषध जास्त झालं तर कॉर्टिसॉल धोक्याच्या पातळीखाली जातं. लाडूसारखं कुत्रं जेवणाकडे पाठ फिरवतं म्हणजे काहीतरी बिनसलेलंच असणार.


वऱ्हाडी ठेचा :

आमच्या शेरूलेही कुशिंगच निघालं, पण ग्रंथीत काही गाठबीठ नव्हती बाप्पा. त्याले खाज सुटे, मंग एक जण येऊन ‘खाजेचं इंजेक्शन’ टोचून जाय. दोन दिवसांत शेरू एकदम फस्क्लास. महिनाभरानं पुन्हा खाज, पुन्हा इंजेक्शन. असं दीड-दोन वर्षं चाललं. कानात टाकाचं औषध वेगळं. नागपूरले दाखवलं तं कागदावर काय टोचलं ते कुठंच लिहेल नाही. पोट सुटलं होतं, पाठीवर चुन्याच्या खड्यावानी टणक पुटकुळ्या आल्या होत्या. आता आमी कोणालेही विचारतो, इंजेक्शनात काय हाय, नाव लिहून द्या.


गोठ्यातला डॉक्टर :

ठेचाभाऊंनी फार मोलाचं लिहिलंय. आपल्याकडे कुशिंगसारखं दिसणारं कुत्रं समोर आलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, स्टिरॉइड किती दिलंय? इंजेक्शन, गोळी, कानाचे थेंब, डोळ्यांचे थेंब, मलम, सगळं धरून, कारण ते शरीरात कॉर्टिसॉलसारखंच काम करतं. पुटकुळ्या म्हणजे कातडीत साठलेलं कॅल्शियम.

नैसर्गिक कुशिंगमध्ये शंभरातल्या ८०-८५ कुत्र्यांत मेंदूच्या तळाशी पिट्युटरीत लहानशी गाठ असते, उरलेल्यांत मूत्रपिंडाजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत, जिथे कॉर्टिसॉल बनतं. त्यामुळे निदानानंतर पोटाची सोनोग्राफी करून दोन्ही अ‍ॅड्रिनल बघतात. दोन्ही फुगलेल्या असतील तर खोट वरती पिट्युटरीत, एकच मोठी आणि दुसरी आक्रसलेली असेल तर खोट तिथेच.

स्टिरॉइडने झालेल्या कुशिंगमध्ये मात्र एक फार मोठा धोका आहे. हे वाचून कुणी घरातलं स्टिरॉइड आज एकदम बंद करू नका. रोज बाहेरून डबा येतोय म्हटल्यावर घरची चूल विझते, तसं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल बनणं थांबलेलं असतं. डबा अचानक बंद झाला तर कुत्रं कोसळतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवायचं.


रानवाट :

राग मानू नका, पण हे सगळे शहरी आजार वाटतात. आमच्या गावाकडं दहा-बारा कुत्री वाढली, भाकरी-ताक खाऊन. कुणाला थायरॉइड नाही की शुगर नाही.


रस्सा मंडळी :

रानवाट, त्यातली किती दहा वर्षांची झाली ते सांगा की. आमच्या गावातबी नव्हता कुणाला थायरॉइड, कारण कुत्रं सहा वर्षांत गाडीखाली नाहीतर गॅस्ट्रोनं जायचं. आणि एखादं धडधाकट कुत्रं एका दिवसात मेलं तर "कुणीतरी विष घातलं" म्हणून विषय मिटायचा.

आमच्या राणीचं असंच झालं असतं. लॅब्राडॉर मिक्स, चार वर्षांची. मधून मधून उलट्या, जुलाब, अंग टाकून बसणार. सलाइन लावलं की दुसऱ्या दिवशी टुणटुणीत. पोटात जंत, बाहेरचं खाल्लं, हवा बदलली, सगळं ऐकून झालं. दर वेळी सलाइननं बरी व्हायची म्हणून कुणी खोलात जायचं नाही. मग दिवाळीत फटाक्यांच्या रात्री राणी कोसळली ती उठेनाच. हातपाय गार. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं बघून पहिल्यांदा किडनी गेली असं सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी सोडियम-पोटॅशियम बघितलं. पोटॅशियम वर, सोडियम खाली. अ‍ॅडिसन.

म्हणजे कुशिंगच्या बरोब्बर उलट, अ‍ॅड्रिनल ग्रंथी हार्मोन बनवायच्याच बंद झालेल्या. ताण आला की शरीराला कॉर्टिसॉल लागतं, आणि तेच नाही. आता फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि थोडं प्रेडनिसोलोन रोज चालू आहे. राणीकडे बघून कुणाला सांगून खरं वाटणार नाही. दिवाळी, गणपतीची मिरवणूक, लांबचा प्रवास, ऑपरेशन असलं काही असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून प्रेडनिसोलोनचा डोस वाढवतो. लक्ष्मीपूजनाची तयारी आमच्याकडे गोळ्यांच्या पाकिटापासून सुरू होते.


गोठ्यातला डॉक्टर :

रस्सा मंडळींच्या प्रतिसादाला भर: सोडियमला पोटॅशियमने भागायचं. भागाकार २७ च्या खाली आला की अ‍ॅडिसनचा संशय घ्यायचाच. अजून एक खूण, एवढं खचलेलं कुत्रं असताना हृदयाचे ठोके जलद हवेत, अ‍ॅडिसनमध्ये ते उलट संथ असू शकतात. पक्कं निदान एसीटीएचच्या (अ‍ॅड्रिनलला कामाला लावणाऱ्या हार्मोनच्या) चाचणीने. तरण्या आणि मध्यमवयीन माद्यांत हा आजार जास्त दिसतो. बरं होत-बिघडत राहणारं पोट आणि दर वेळी सलाइनने जादू, असा इतिहास असेल तर रक्तातले क्षार एकदा बघून घ्या. फार खर्चाची तपासणी नाही.


अंगणवेल :

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. आमची पिंकी, पॉमेरेनियन, ९ वर्षांची, ऑपरेशन केलेलं नाही. महिन्याभरापूर्वी हीट (माज) संपली. गेले काही दिवस पाणी खूप पितेय, जेवण जवळपास सोडलंय, मागे सारखी चाटत असते. वरचं सगळं वाचून वाटतंय थायरॉइड असेल का शुगर? यजमान गावाला गेलेत, ते रविवारी आले की डॉक्टरकडे न्यायचा विचार आहे.


गोठ्यातला डॉक्टर :

ताई, रविवारची वाट बघू नका. आज न्या.

हीटनंतर एक-दोन महिन्यांत मादी पाणी जास्त पिते आणि जेवण सोडते, तेव्हा पहिला संशय गर्भाशयात पू होण्याचा. पायोमेट्रा. हीटनंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं, गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, जंतूंना आयतं घर मिळतं. तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो, म्हणून ती चाटत असेल. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही आणि ते जास्त घातक. सोनोग्राफी आणि रक्त, दोन्ही करायला सांगा. थायरॉइड महिनाभर थांबू शकतो, हे थांबू शकत नाही.


शेपूटवाली :

अंगणवेल, प्लीज आत्ता निघा. एकटीने शक्य नसेल तर इथे शहर लिहा, कुणी ना कुणी सोबत येईल.


मँचेस्टरची माऊ :

पिंकीची खबर येईपर्यंत माऊंबद्दल लिहिते, कारण धागा फारच भौ-भौ झालाय.

मांजरांचं थायरॉइड कुत्र्यांच्या उलट्या दिशेने बिघडतं, ग्रंथी जास्त काम करायला लागते. बहुतेक वेळा साधी गाठ, कर्करोग क्वचित. दहाच्या पुढच्या मांजरांत इथे हा नेहमीचा आजार. आमची १४ वर्षांची चिंगी दिवसभर खात होती आणि तरी पाठीचा कणा हाताला लागत होता. पहाटे तीन वाजता जिन्यात उभी राहून हंबरडा. अंगावर हात फिरवला तर केस चिकट, विस्कटलेले. आणि ऊर्जा अशी की चौदाव्या वर्षी पडद्यावर चढायची. घरी सगळे खूश, ‘तरुण झाली’ म्हणून! मला त्या वजनाच्या काट्याने झोप येऊ दिली नाही.

उपाय तीन-चार. मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोलची गोळी (कार्बिमाझोलचं शरीरात मेथिमाझोलच होतं), आयोडीन अगदी कमी असलेलं खास अन्न, ऑपरेशन, किंवा किरणोत्सारी आयोडीनचं एक इंजेक्शन. शेवटचं बहुतेकदा कायमचं बरं करतं, पण मांजराला काही दिवस वेगळं ठेवावं लागतं. चिंगीला आम्ही गोळीच देतो. गोळीने काही मांजरांना चेहऱ्याला भयंकर खाज सुटते, उलट्या होतात, रक्तपेशी कमी होतात, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत रक्त वारंवार तपासतात. गोळी घ्यायला अजिबात तयार नसलेल्या बोक्यांसाठी इथे कानाच्या आत लावायचं मलमही बनवून मिळतं. गरोदर बाई घरात असेल तर तिने ही गोळी चुरडू नये.

मूत्रपिंडाचं मात्र ध्यानात ठेवा. थायरॉइड जोरात असताना मूत्रपिंडातून रक्त जास्त वाहतं आणि तिथला बिघाड झाकला जातो. थायरॉइड ताळ्यावर आलं की क्रिएटिनिन वर दिसायला लागतं. गोळीने किडनी बिघडवली असं वाटतं, पण आधीचाच बिघाड उघडा पडलेला असतो. रक्तदाबही मोजून घ्या.


सहज सुचलं :

थायरॉइडसाठी कांचनार गुग्गुळ आणि शुगरसाठी मेथी-कारल्याचा रस कुणी देऊन बघितलाय का? माझ्या वडिलांना गोळ्या आहेत डायबेटिसच्या, त्यातली अर्धी कुत्र्याला चालेल का असंही वाटून गेलं.


फेणी आणि मासे :

नको, नको, नको. आमचा रॉनी डायबेटिक, म्हणून अधिकाराने सांगतो. कुत्र्याच्या मधुमेहात बहुतेकदा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच गेलेल्या असतात. माणसांच्या त्यातल्या बऱ्याच गोळ्या उरलेल्या पेशींना कामाला लावतात, इथे लावायला काही शिल्लकच नसतं. इन्सुलिन, दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी. दुसरी वाट नाही. मांजरांचं वेगळं, त्यांना लवकर इन्सुलिन आणि कमी कर्बोदकांचं खाणं सुरू झालं तर काही जणांचं इन्सुलिन सुटतंही.

कुत्र्यांनी या औषधासाठी बरंच भोगलंय खरं तर. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला, तेव्हा कुठे हे अवयवाचं नातं कळलं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा अर्क आधी कुत्र्यांवरच वापरला. असो, अवांतर झालं.

आता कामाचं. सिरिंज! आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलीत ४० युनिटच्या मिळतात, त्यांना लाल टोपीची सिरिंज. एका मिलीत १०० युनिटवालं असेल तर केशरी टोपीची. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने ‘४’ च्या खुणेपर्यंत भरलंत तर जातात १० युनिट. अडीच पट! लहान कुत्र्याचा जीव जाईल. दुकानदार "सेमच असतं" म्हणाला तरी बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग स्वतः जुळवा.

आमचा शिरस्ता असा: आधी जेवण, मग सुई. रॉनी जेवला नाही तर नेहमीचा डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. खांद्यामागची कातडी चिमटीत उचलून तंबू करायचा, सुई तंबूच्या पायथ्याशी. जागा रोज थोडी बदलायची. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते, रॉनी मात्र ताटलीच चाटत बसलेला. बाटली फ्रिजच्या दारात, फ्रीझरमध्ये कधीच नाही, गोठली की फेकायची.

शुगर खाली गेल्याची खूण: झोकांड्या, थरथर, भिंतीकडे बघत उभं राहणं, शेवटी फिट. हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजची पेस्ट चोळायची, बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, आणि तसंच उचलून दवाखाना. ‘शुगर-फ्री’ काहीही देऊ नका. त्यातलं झायलिटॉल कुत्र्यांना विष आहे.

आणि हो, शेजारी. चतुर्थीला रॉनीला कोण नेवरी भरवतो, कोण मोदक. दोन दिवस शुगर आभाळाला. आता त्याच्या गळ्यात पाटी असते, ‘मला डायबेटिस आहे, खायला देऊ नका’. लोक पाटीबरोबर सेल्फी काढतात आणि मग देतात!


दादरची चाळ :

शेवटच्या वाक्याला हसू आणि रडू दोन्ही. रॉनीचे डोळे कसे आहेत?


फेणी आणि मासे :

मोतीबिंदू झाला, वर्षाच्या आतच. कुत्र्यांना बहुतेकदा होतो, शुगर आटोक्यात असली तरी. घरातलं फर्निचर हलवत नाही आम्ही, तो सराईतासारखा फिरतो.


अंगणवेल :

सगळ्यांना. पायोमेट्राच होता. त्याच संध्याकाळी नेलं, सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने भरलेलं दिसलं, रात्रीच ऑपरेशन झालं. पिंकी घरी आलीय, गळ्यात लॅम्पशेड (टाके चाटू नयेत म्हणून घालतात ती) लावून रुसून बसलीय. गोठ्यातले डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

एक मात्र विचारायचंय. रक्तात शुगरही बरीच वाढलेली निघाली. तिथल्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलंय आणि म्हणाले, हे कदाचित सुटेल. म्हणजे मधुमेह आहे की नाही?


गोठ्यातला डॉक्टर :

फार बरं वाटलं वाचून. आभार तिथल्या सर्जनचे माना, रात्री उभे राहिले ते.

मधुमेहाचं असं आहे. कुत्रीच्या शरीरात हीटनंतरचं प्रोजेस्टेरॉन स्तनांच्या ऊतींना ग्रोथ हार्मोन बनवायला लावतं, आणि ते इन्सुलिनला काम करू देत नाही. ऑपरेशन न झालेल्या माद्यांत मधुमेह जास्त दिसण्याचं हे एक मोठं कारण. आता अंडाशयं निघाली, प्रोजेस्टेरॉन उतरेल. स्वादुपिंडात दम शिल्लक असेल तर इन्सुलिनची गरज घटत जाईल, काहींची पूर्ण सुटते. म्हणूनच पुढचे काही आठवडे जपून: गरज घटली आणि डोस तोच राहिला तर शुगर खाली जाईल. वर लिहिलेली झोकांड्यांची लक्षणं पाठ करा, मध हाताशी ठेवा. डोस स्वतः कमी-जास्त करू नका. मधे फ्रुक्टोसअमाइन करायला सांगतील, त्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते. दवाखान्यातल्या ताणाने एखादाच आकडा फसवा येऊ शकतो, मांजरांत तर सर्रास.

आणि घरी पाणी मोजा. मोजपात्राने भांडं भरा, २४ तासांनी उरलेलं मोजा, वजा करा. कुत्रं दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर पीत असेल तर ते नक्कीच जास्त. मांजरात ५० च्या वर. कोरडं खाणारे प्राणी थोडं जास्तच पितात, रस्साभात खाणारे कमी, तेवढं ध्यानात घ्या. पण जास्त पितोय म्हणून पाणी तोडायचं नाही, कधीच. शरीर ते बाहेर टाकतंय म्हणून तो पितोय.


रानवाट :

मी वर जरा फटकळ लिहिलं होतं. तरी एक विचारतो. आमच्या एका गड्याकडचा कुत्रा, नर, आठेक वर्षांचा. त्याला मादीसारखी स्तनाग्रं सुजलीत आणि दोन्ही बाजूंचे केस गेलेत. दुसरी कुत्री त्याच्या मागे लागतात. गावात सगळे हसतात. हेही यातलंच का?


गोठ्यातला डॉक्टर :

यातलंच असू शकतं. हसण्यावारी नेऊ नका. वृषण दोन्ही खाली उतरलेत का ते हाताने बघायला सांगा. एक पोटात अडकलेलं असेल तर त्यात गाठ होऊन ती इस्ट्रोजेन बनवत असण्याची दाट शक्यता. जास्त दिवस राहिलं तर अस्थिमज्जा दबते, मग रक्त बनणं कमी होतं. आधी रक्ततपासणी, मग ऑपरेशन. शिरवळ, परळ, नागपूर, परभणी, उदगीर, जे पशुवैद्यक महाविद्यालय जवळ असेल तिथे न्या, खर्चही बेताचा येतो.


मँचेस्टरची माऊ :

यावरून आठवलं. घरात कुणी रजोनिवृत्तीसाठी इस्ट्रोजेनचं जेल किंवा स्प्रे हाताला लावत असेल तर मांजर-कुत्र्याला तो हात चाटू देऊ नका, कडेवरही घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये अशा एका स्प्रेबद्दल इशाराच दिला होता, मुलं आणि पाळीव प्राणी दोन्हींसाठी. सगळ्या तपासण्या होतात आणि कारण मालकिणीच्या मनगटावर सापडतं.


रानवाट :

बघितलं. एकच खाली आहे. परवा गाडी करून शिरवळला नेतो. गडी म्हणतोय, पैसे मी देतो पण कुत्र्याला भूल देऊ नका. त्याला समजावायला कुणी चार ओळी सोप्या भाषेत लिहून द्याल का? फोनवर वाचून दाखवतो.


रस्सा मंडळी :

मी लिहून देतो. रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. राणीला भूल दिली तेव्हा आमच्या म्हाताऱ्यालाबी असंच समजवावं लागलं होतं, मजकूर तयारच आहे.